ताणा कोणी लावला?

आत येताना दारातच दोघांनी विचारलं, ‘साओरी म्हणजे आपली ती उशीतली सावरी का हो?’ तर नाही. सावरीचं झाड आपल्या विदर्भातलं, आणि तिचा कापूस इतका आखूड अन् गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही, तो उशीतच जातो. साओरी जपानची. ती विणकामाची एक पद्धत आहे आणि शिकवण्याचीही. तरी नावांच्या या गमतीत एक प्रश्न दडलेला आहे. बाहेरून आलेली एखादी गोष्ट आपल्या मातीत सूत धरते का, की उशीत भरण्यापुरतीच राहते? आणि हा प्रश्न आम्ही महालात बसून विचारतो आहोत. जुम्मा दरवाजा, ज्याला आता गांधी गेट म्हणतात, तिथून इतवारी, पाचपावली, गोळीबार चौकापर्यंत एके काळी मागाचा आवाज ऐकू येत असे. ज्या गावाला विणायला कुणी शिकवायची गरज नव्हती, तिथे विणकाम ‘सामुदायिक कला’ म्हणून शिकवायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? आज एवढंच तपासायचं आहे.

आधी साओरीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यावर उभी आहे. मिसाओ जो या बाईंचा जन्म १९१३ चा. ओसाकाच्या बाजूला राहायच्या, पुष्परचना शिकवायच्या. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना वाटलं, किमोनोवर बांधतात तो ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, आपणच विणावा. घरच्यांनी माग करून दिला. विणून झालेल्या ओबीत ताण्याचा एक धागा राहून गेला होता, म्हणून कापडात उभी बारीक फट पडली होती. जाणत्या माणसाने पाहिलं आणि सांगितलं, हा माल सदोष आहे. बाईंना मात्र ती फट आवडली. मग त्यांनी मुद्दाम धागे गाळून आणखी ओबी विणले आणि ओसाकातल्या एका बड्या ओबीच्या दुकानात नेले. दुकानदाराला ते फार आवडले आणि ते चांगल्या किमतीला विकलेही गेले. तिथून ही चळवळ सुरू झाली. सत्तावन्नाव्या वर्षी सुरुवात, आणि २०१८ साली त्या गेल्या तेव्हा वय होतं एकशे चार.

त्यांनी शिकवणीचे चार धागे सांगितले. यंत्र आणि माणूस यांतला फरक ओळखा. धीट व्हा. चमकत्या डोळ्यांनी बघा. आणि सोबतच्या सगळ्यांना उमेद द्या. साओरीच्या वर्गात नमुना दिला जात नाही, मोजमाप सांगितलं जात नाही, आणि ‘हे चुकलं’ असं कुणी म्हणत नाही. पायाखाली दोन फळ्या, साधी वीण, हातात धोटा. पाच मिनिटांत माणूस विणायला लागतो. जपानमध्ये अपंग आणि मतिमंद मुलामाणसांच्या संस्थांतून ही पद्धत पसरली ती त्यामुळेच. ज्याला आयुष्यभर ‘तुला जमणार नाही’ असं ऐकवलं गेलं, त्याच्यासमोर असा माग ठेवला जातो ज्यावर न जमणं हा प्रकारच नाही. ही लहान गोष्ट नाही. आज आम्ही टीका करणार आहोत, पण ती या कर्तबगारीला नमस्कार करून.

पहिली शंका त्या दुकानाची. गोष्ट सांगताना सगळे फटीवर थांबतात, दुकानदारावर कुणी थांबत नाही. एकाच कापडाला एक माणूस सदोष म्हणाला आणि दुसऱ्याने ते मोलाने घेतलं. मग चूक सुंदर कधी झाली? बाईंना आवडली तेव्हा, की ओसाकाच्या पेठेत विकली गेली तेव्हा? बाईंच्या बाजूने सांगायचं तर त्यांना आधी आवडली, आणि विकली गेली नसती तरी त्या विणत राहिल्या असत्या. कारण चूल त्या ओबीवर पेटत नव्हती. इथेच आमच्या नागपूरच्या विणकराची वाट वेगळी होते.

नागपुरी लुगडं, रेशीमकाठी धोतर, भंडाऱ्याकडची करवतकाठी. करवतीच्या काठाचे दात बघितले आहेत ना तुम्ही? अंगाचा एक धोटा आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे. अंगाचा अन् काठाचा रंग जिथे भेटतो तिथे ते एकमेकांत अडकवायचे, प्रत्येक फेऱ्याला, दोन्हीकडे. एक अडकवणी चुकली की दात मोडतो आणि लुगडं घडीवर मार खातं. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे, महालाला लागून असलेल्या गांधीसागराच्या काठी, उभी राहिली. त्या गिरणीच्या तडाख्यातूनही कोष्टी लगेच मेला नाही. तो गिरणीचंच सूत घेऊन रेशमी काठाचं लुगडं विणत राहिला, कारण तसा काठ गिरणीला साधत नव्हता. म्हणजे यंत्र आणि माणूस यांतला फरक इथेही होता. पण तो अचूकपणाने राखलेला फरक होता. माणूस यंत्रापेक्षा जास्त नेमकं विणू शकतो, म्हणून तो टिकला. जो बाई म्हणतात, माणूस चुकू शकतो म्हणून तो यंत्राहून वेगळा. महालातला विणकर म्हणाला असता, मी चुकत नाही म्हणून वेगळा. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण एकाच वर्गात, एकाच बाकावर ती शेजारी बसली की खटका उडतो. तो कसा उडाला हे सांगतो, कारण चूक आमची होती.

महालातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात आम्ही काही रविवार दोन माग ठेवले होते. ताणा तयार आणलेला. साओरीत ही सोय असते, गुंडाळलेला ताणा विकत मिळतो, तो मागावर चढवला की काम सुरू. पहिल्या रविवारी अकरा जणं आली. त्यांत एक आजी नातीला घेऊन आल्या. विणकराच्या घरच्या सून. सातव्या वर्षापासून कांड्या भरल्या, पण मागावर कधी बसल्या नाहीत, तिथे पुरुष बसायचे. नात विणायला बसली आणि आजी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. रंगाकडे बघत नव्हत्या, ताण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘ताणा कोन लावला?’ आम्ही सांगितलं, विकत आणलाय. ‘एक धागा तुटला हाय,’ म्हणाल्या आणि हात पुढे केला.

आम्ही म्हणालो, ‘राहू द्या आजी, असाच छान दिसतो. यालाच आम्ही सौंदर्य म्हणतो.’

आजींनी हात मागे घेतला. थोडा वेळ गेला. मग त्या नातीला नाही, आम्हाला म्हणाल्या, ‘मंग व्यापाऱ्यानं माह्या सासऱ्याचे पैसे काहून कापले होते?’

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण त्या प्रश्नामुळे आम्हाला साओरीच्या शिकवणीतली एक जागा दिसली, जी पुस्तकी चर्चेत दिसली नव्हती. तीच आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे.

साओरीत जे मोकळं असतं ते आडवं असतं. बाणा. मनाला येईल तो रंग, लोकर, चिंधी, काथ्या, काडी, काय हवं ते भरा. पण हे सगळं ज्याच्यावर भरायचं, तो ताणा मात्र मोकळा नसतो. तो सारखा ताणलेला, ओळीने ओवलेला, मोजलेला असावा लागतो. तो ढिला पडला तर आडव्या धाग्याचं स्वातंत्र्य पहिल्या चार बोटांतच गुंता होऊन बसतं. म्हणजे ज्या वर्गात ‘चूक नावाची गोष्टच नाही’ असं आपण सांगतो, तो वर्ग कुणीतरी न चुकता केलेल्या कामावर उभा असतो. ते काम वर्गाच्या आधी होतं, वर्गाच्या बाहेर होतं, आणि ते करणाऱ्याचं नाव वर्गात निघत नाही.

हिशेब करून बघा. पंचेचाळीस इंच पन्ना, इंचाला साठ धागे धरले तर दोन हजार सातशे धागे. प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातातून ओवायचा. नवा ताणा जोडायचा तर जुन्या टोकाला नवं टोक, राखेच्या चिमटीने पीळ देऊन, दोन हजार सातशे वेळा. त्याच्या आधी सूत उकलणं, कांड्या भरणं, आणि पांजणी. पांजणी पाहिलेली माणसं आता कमी राहिली. गल्लीच्या लांबीएवढा ताणा खांबाखांबांवर ताणायचा, खळ लावायची, आणि ऊन चढायच्या आत दोन्हीकडून कुंचे मारत जायचं, धागा धाग्याला चिकटू द्यायचा नाही. एका घराचं हे काम नव्हे, शेजाऱ्याला यावंच लागायचं. आज माझ्या ताण्याला तू, उद्या तुझ्या ताण्याला मी. या सगळ्यात बायका आणि पोरं होती. मजुरी मात्र मोजली जायची ती मागावरून उतरलेल्या लुगड्याची. कांडी भरणाऱ्या बाईचं काम त्या मजुरीत कुठे तरी विरघळून गेलेलं.

आता ‘सामुदायिक कला’ हा शब्द याच्या शेजारी ठेवून बघा. साओरीचा वर्ग सामुदायिक असतो म्हणजे काय असतो? माणसं एका खोलीत बसतात, आपापला तुकडा विणतात, एकमेकांचं कौतुक करतात. चांगलं आहे. चौथा धागा तोच आहे, सोबतच्यांना उमेद देणं. पण तुकडा ज्याचा त्याचा. एकाचा हात थांबला तर दुसऱ्याचं काही अडत नाही. पांजणीत अडतं. एका बाजूचा कुंचा थांबला की ताणा वाळतो अन् चिकटतो. त्या कामाला कुणी कला म्हणालं नाही, सामुदायिक तर नाहीच नाही. कारण त्यात निवड नव्हती, गरज होती आणि जातही होती. आम्ही त्या दिवसांवर सोन्याचा मुलामा चढवायला बसलेलो नाही. कर्ज, उसनं सूत, दमा, आणि विणकराच्या पोराने विणकरच व्हायचं हा न बोललेला नियम, हे सगळं त्याच गल्लीत होतं. साओरीचा माग याच्या बाहेर आहे, तिथे कुणीही बसू शकतं, आणि सातव्या वर्षापासून कांड्या भरणारी बाई सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मागावर बसू शकते, हा तिचा खरा मोठेपणा. पण तो मोठेपणा सिद्ध व्हायचा तर त्या बाईला ‘तुमचा हात इथे लागत नाही’ असं सांगून कसं चालेल? आम्ही त्या रविवारी नेमकं तेच सांगितलं होतं. सौंदर्याच्या नावाखाली.

इथे जपानमधलीच दुसरी एक बाजू आठवते. यानागी सोएत्सु या विचारवंताने १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’, म्हणजे लोककारागिरी, हा शब्द रूढ केला, आणि १९३६ साली तोक्योत तिचं संग्रहालय उभं केलं. त्याचं म्हणणं साधारण असं: नाव नसलेला कारागीर तीच वस्तू हजार वेळा करतो, आणि त्या हजारात त्याचा ‘मी’ गळून पडतो, तेव्हा वस्तूत सौंदर्य येतं. जो बाई याच्या अगदी समोर उभ्या आहेत. त्यांच्या मते प्रत्येकाचा ‘मी’ वेगळा, तो कापडात उतरला पाहिजे. साओरीतल्या ‘सा’चं नातंच त्या वेगळेपणाच्या शब्दाशी सांगतात. महालात शिकवताना आम्ही फक्त जो बाईंना आणलं, यानागींना दाराबाहेर ठेवलं. आजी यानागींच्या बाजूच्या होत्या. त्यांनी यानागींचं नाव ऐकलेलं नव्हतं, एवढंच. यानागींवरही आमचा आक्षेप आहे, बरं का. अनाम राहणं हे ज्याने निवडलं त्याला शोभतं. सासऱ्याच्या लुगड्यावर कुणाचं नाव नव्हतं ते विनयामुळे नव्हे, ते नाव कुणी विचारलं नाही म्हणून.

शिक्षणाच्या बाजूनेही आपल्या भागाला या प्रश्नाचा अनुभव आहे. इथून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची कल्पना पुढे आली. कताई-विणाई हे केवळ हस्तव्यवसाय म्हणून नव्हे, तर त्यातून गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाने कापूस कुठून आला हे विचारलं की भूगोल सुरू झाला. कल्पना फार मोठी. पण मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षाही तिला जोडलेली होती, आणि झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालातच इशारा दिला की आर्थिक बाजूवर भर गेला तर शिक्षण मागे पडेल. पुढे बऱ्याच शाळांत टकळी राहिली, पण ती रोज किती तार निघाले याच्या मोजणीपुरती. म्हणजे एका टोकाला मोजणीच मोजणी. साओरी दुसऱ्या टोकाला, मोजणीच नाही. मधली जागा मोकळीच आहे: हाताला मोजायला शिकवायचं, पण मुलाला त्या मोजणीवरून जोखायचं नाही.

आणखी एक उदाहरण घेऊ आणि मग शेवटाकडे जाऊ. ते आहे वरोऱ्याच्या आनंदवनाचं. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली. तिथे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, बोटं झडलेल्या माणसांनी हातमाग चालवले, चादरी विणल्या, पंचे विणले. तिथला आग्रह काय होता? दया म्हणून घेऊ नका, माल चांगला आहे म्हणून घ्या. चादर इतकी सरळ असली पाहिजे की ती कुठल्या हाताने विणली हे ओळखू येऊ नये. साओरीत याच्या नेमकं उलट. कापड असं असलं पाहिजे की ते कुठल्या हाताने विणलं हे ओळखू यावं. दोन्हीकडे शब्द एकच, प्रतिष्ठा. एकीकडे ती हात झाकून मिळते, दुसरीकडे हात दाखवून. यांतली कुठली खरी? आमचं उत्तर असं की ज्याच्या हाताकडे बघून आजवर लोक लांब सरकले, त्याला हात झाकण्याचाही हक्क पाहिजे. ‘तुझं वेगळेपण दाखव’ हे प्रेमाने सांगितलं तरी ते सांगणंच आहे. अपंग मुलांच्या वर्गात ‘बघा किती मुक्त विणतात’ असं पाहुण्यांना दाखवलं जातं, तेव्हा त्यांतल्या एखाद्याला सरळ काठाचा पंचा विणायचा असेल, हे आपण विचारलेलं असतं का? ‘चूक चालेल’ याच्यासोबत ‘बरोबर विणायचं असेल तर तेही शिकवू’ हे यायला हवं. नाहीतर चुकणं हीसुद्धा सक्ती होते.

आता तुम्ही म्हणाल, टीका झाली, पुढे काय? पुढच्या रविवारी आम्ही काय केलं ते सांगतो. आजींच्या घरी गेलो आणि म्हटलं, ताणा तुम्ही लावाल का, आणि आम्हाला शिकवाल का. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘त्याले दिवस जाते. तुमचे लोकं बसतीन का?’ प्रश्न बरोबर होता. अकराची सहा झाली. पाच मिनिटांत विणायला लागायचा आनंद गेला, त्याऐवजी दोन रविवार नुसती ओवणी. एक मुलगा कंटाळून निघून गेला आणि त्याला आम्ही दोष देत नाही. त्याच्यासाठी साओरीची मूळ सोयच बरोबर होती, आणि तो पुन्हा आला तर तयार ताणाच देऊ. पण जी सहा राहिली त्यांच्यात एक बदल झाला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. एक धागा तुटला. विणणाऱ्या मुलीने माग थांबवला आणि आजींना विचारलं, ‘सांधू की ठेवू?’ आजी म्हणाल्या, ‘तुले काय पायजे ते पाय.’ मुलीने थोडा विचार केला आणि सांधला. शेजारच्या मागावर दुसरीने तसाच ठेवला. दोघींना सांधता येत होतं.

आमच्या मते स्वातंत्र्य याला म्हणायचं. धागा सांधता येत नाही म्हणून फट राहिली, तर ती फट कुणाची निवड नाही. सांधता येत असून ठेवली, तर ती निवड. जो बाईंच्या दुसऱ्या ओबीत निवड होती. पहिल्या ओबीतली फट नकळत राहिली होती, दुसरीत त्यांनी धागे स्वतः गाळले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जो प्रवास झाला तो आपण शिकवायचा सोडून देतो आणि थेट गाळलेल्या धाग्याचं कौतुक करायला लागतो. साओरी शिकवणाऱ्या सगळ्यांनी असंच केलं आहे, असं आमचं म्हणणं नाही. आम्ही केलं, आणि ज्या गावात ताणा लावणारे हात अजून आहेत, थोडे का होईना, तिथे ते करणं अधिक मोठी चूक होती.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंच आहे. सासऱ्याचे पैसे का कापले? कारण ती चूक विकणारा कुणी दुकानदार महालात नव्हता, आणि ती चूक आपली म्हणायचा हक्क सासऱ्याला नव्हता. कापड त्याने विणलं, पण सूत व्यापाऱ्याचं, म्हणून चूकही व्यापाऱ्याचं नुकसान. यावर साओरीचा वर्ग काही करू शकत नाही. गेलेली मजुरी परत येत नाही. पण एवढं करता येतं: वर्गाची सुरुवात विणण्यापासून न करता ‘हा ताणा कोणी लावला’ या प्रश्नापासून करायची, लावणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी द्यायची, आणि शेवटी भिंतीवर तुकडे टांगताना त्याखाली दोन नावं लिहायची. बाणा भरणाऱ्याचं आणि ताणा लावणाऱ्याचं. आमच्या वाड्यातल्या सहा तुकड्यांखाली आम्ही ती लिहिली. आजींचं नाव सहाही ठिकाणी आलं. त्यांनी नातीकडून वाचून घेतलं आणि विचारलं, ‘माह्यं नाव इतक्या डाव कायले?’ नात म्हणाली, ‘आजी, तू सगळ्यांत होतीस.’

ज्यांना ओवणी शिकायची असेल त्यांनी रविवारी सकाळी या. विणायला मात्र दोन आठवडे थांबावं लागेल.